बाण जिथे, फुगा तिथे

९ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते. पण इतक्या वर्षांनी एकदम आशीर्वाद दिले तर तुम्हाला वाटेल, वहिनीचं काहीतरी काम अडलंय. काम अडलंच आहे, म्हणून आशीर्वाद शेवटी देते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना, तसं समजा. यात गाढव कोण ते मी लिहीत नाही. तुम्ही पूर्वी हुशार होता.

तुमचा पत्ता मावशींकडून काढला. त्यासाठी दोन्ही गुडघ्यांची संपूर्ण कथा ऐकावी लागली, तेव्हा या पत्त्याची किंमत लक्षात ठेवा. फोन तुम्ही उचलत नाही. पत्र माणूस फाडतो, पण फाडण्याआधी निदान वाचतो.

काम असं आहे. तुमच्या शहरात अंडी उबवण्याच्या यंत्रांचा एक व्यापारी आहे. यंत्रावर आकडे दिसतात, पण वीज गेली की ते विझतात, म्हणून प्रत्येक यंत्रात तो काचेचा एक थर्मामीटर टांगून ठेवतो. ते आपण पाठवतो. लाल रंगाचे, पारा नसलेले, कारण पाऱ्याला आता कुठल्याच बंदरात कोणी उतरू देत नाही. यावेळचा माल जहाजाने गेला, वेळेवर पोचला, एकही काच फुटली नाही. मी इकडे निश्चिंत. आणि मग त्यांच्या गोदामवाल्याचा कागद आला की जवळपास प्रत्येक नळीत लाल रेघ तुटलेली आहे. थोडी खाली, थोडी मध्ये, थोडी पार टोकाला जाऊन बसलेली. प्रवासात हलल्या असतील. त्यांनी सगळा माल नाकारला. त्यांचं चूक नाही. अशी नळी तापमान कमी दाखवते, मग माणूस उष्णता वाढवत बसतो आणि पिल्लांऐवजी उकडलेली अंडी निघतात.

मार्चच्या मध्याला ते हा माल मोडीत काढणार. परत मागवावा तर तेवढा वेळ ते गोदामात ठेवायला तयार नाहीत. फार विनवण्या केल्यावर एवढं कबूल झाले की कारखान्याचा माणूस येऊन रेघा जोडून देणार असेल, तर पुन्हा तपासून घेऊ.

आपला माणूस त्या शहरात एकच आहे. मी तुमचं नाव कळवून टाकलंय.

ओरडू नका. नळी गारठवून तळहातावर आपटायची; बर्फ, मीठ आणि तळहात, एवढंच लागतं, आणि ते कसं करायचं हे बाबांनी तुम्हाला चड्डीत असताना शिकवलंय. तुम्ही तिथे शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करता असं मावशी म्हणाल्या, म्हणजे बर्फाला तोटा नसणार.

यांना मी लिहिलेलं माहीत नाही. हे बरे आहेत. जेवतात, झोपतात, बातम्यांवर चिडतात. कामाला सध्या जरा विश्रांती दिली आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, हल्ली लिहिण्याचं सगळं मीच बघते. गोदामवाल्याने पाठवलेले फोटो सोबत ठेवते आहे.

पैसे बुडाले तर बुडोत, भाऊजी. तो माल मोडीत निघायला नको. का, ते विचारू नका.

अनेक आशीर्वाद. बघा, दिले.

वहिनी


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं. पाकीट उघडून आत आणखी काही चिकटलंय का ते झटकून पाहिलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ: ‘पेट्या उलट्या आल्या आहेत, बाणामुळे, दादाला माहीत आहे का?’ खुशाली नाही, वहिनी नाही, काही नाही. दोघे भाऊ एका मुशीतले. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

नाही. त्यांना माहीत नाही. मला माहीत होतं. फोटो पाहिल्याबरोबर कळलं होतं आणि तरी मी तुम्हाला ‘प्रवासात हलल्या असतील’ असं लिहिलं. वाटलं, फोटो छोटे आहेत, तुमच्या लक्षात येणार नाही. स्वतःचीच समजूत काढण्यात मी तरबेज झाले आहे.

गोदामवाल्यानेही विचारलंय की तुमच्या पेट्यांवर बाण वर आणि आतल्या नळ्यांचे फुगे, म्हणजे लाल द्रवाची गोल बुडं, पण वर, असं का. त्याला काय लिहू? की सगळ्या जगात पेटीवरचा बाण म्हणजे ‘ही बाजू वर’, आणि एका आमच्याच घरात त्याचा अर्थ ‘नळीचा फुगा इकडे’? बाबांनी कारखाना काढला तेव्हाचा नियम. बाण जिथे, फुगा तिथे. आणि फुगा तर खाली राहायला हवा, म्हणजे बाणही खाली. हमालमामा होते तोवर कधी बिघडलं नाही. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण आपला बाण वाचता येत होता. डोळे मिटून पेटी बाण खाली करून ठेवायचे आणि बंदरापर्यंत सोबत जायचे. मागच्या वर्षी ते मुलीकडे राहायला गेले. माल पाठवायला आम्ही नवी कंपनी धरली. तिथे सगळं पट्ट्यावरून सरकतं, आणि पट्ट्यावरच्या माणसांनी बाण पाहून पेट्या नीट, जगाच्या रीतीने, उलट्या ठेवल्या. समुद्रावर इतके आठवडे नळ्या डोक्यावर उभ्या होत्या.

तुम्हाला हे वाचून काय वाटत असेल ते मला कळतं. तुम्ही बाहेरून शिकून आलात आणि न विचारता एका खेपेच्या पेट्यांवर बाण वर काढलेत. हमालमामांनी सवयीने बाण खाली करून ठेवल्या. तीही खेप अशीच मेली. तेव्हा यांनी तुम्हाला सगळ्या कामगारांसमोर म्हटलं होतं, “ज्याला वर-खाली कळत नाही, त्याने माझ्या पेट्यांना हात लावायचा नाही.” तुम्ही हात काढून घेतलात तो पार समुद्रापलीकडे नेलात. मी तेव्हा दारात उभी होते. दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटली होती. आता वाटतं, द्यायलाच हवी होती.

म्हणजे बाणाबद्दल तुमचं बरोबर होतं. घ्या, मी लिहून देते, हवं तर खाली सही करते. पण हे त्यांना सांगायला मला लावू नका. बाबांच्या बाणाने हा माल मारला हे त्यांना कळलं तर काय होईल ते मला बघवणार नाही. दुसऱ्या कोणत्याही खेपेबद्दल सांगितलं असतं. या नाही.

तुम्ही फक्त जा. बोलायचं ते नंतर बोला. त्यांच्याशी नाही, माझ्याशी भांडा. मला सवय आहे.

वहिनी


६ मार्च

भाऊजी,

‘दादाने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात, मी जातो.’

दोन ओळी मागितल्यात तुम्ही. जास्त नाही मागितलं. या जागी मी असते तर मीही तेवढंच मागितलं असतं, कदाचित चार ओळी मागितल्या असत्या.

ते लिहू शकत नाहीत. हात थरथरतो. उजवा आधी सुरू झाला, आता डावाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी कमी-जास्त होईल, जाणार नाही. कप मी अर्धाच भरते. शर्टाची बटणं मी लावते आणि ते खिडकीबाहेर बघतात. पहिल्या पत्रात मी ‘बरे आहेत’ लिहिलं ते खोटं होतं. तुम्हाला दया येऊन तुम्ही याल, असं मला नको होतं. आणि दया न येता तुम्ही आला नाहीत, तर तेही मला सोसलं नसतं. म्हणून लपवलं.

आता तुम्हाला कळलं असेल की या खेपेचं मी एवढं का धरून बसले. नळीला मेण लावून सुईने अंशांची एकेक रेघ ओढायची, मग आम्लात बुडवायची, हे काम या घरात दुसरं कोणी करत नाही. यंत्र घ्या म्हटलं की ते म्हणायचे, मी मेल्यावर घ्या. ही खेप त्यांनी ओढलेली शेवटची आहे. हात कापायला लागला होता, तेव्हा कोपर टेबलाला पट्ट्याने बांधून घेतलं. रेघ चुकली की नळी बाजूला टाकायचे आणि नवी घ्यायचे. शेवटच्या दिवसांत बाजूच्या ढिगात जास्त असायच्या. पण जेवढ्या पेटीत गेल्या त्यांतली एकही रेघ वाकडी नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. शेवटची नळी ठेवल्यावर सुई पुसून डबीत ठेवली आणि म्हणाले, “संपलं एकदाचं.” नंतर त्या टेबलाशी बसले नाहीत.

आणि तो माल तिकडे कचरा म्हणून चिरडला जाणार होता. माझ्याच्याने ते होऊ देववलं नाही. एवढंच.

तुमचं पत्र आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. माल, बाण, तुम्ही, सगळं. कारखान्यात दुपारी सांगितलं, म्हणजे ओरडले तर यंत्रांच्या आवाजात जाईल. ओरडले नाहीत. कोपऱ्यात रिकामी पेटी होती, तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि बाणावरून अंगठा फिरवत राहिले. मी दोनदा जेवायला बोलावलं. दुसऱ्यांदा म्हणाले, “म्हणजे तेव्हा तो बरोबर होता.”

मी म्हटलं, “बरोबर होता. पण विचारलं असतं तर बिघडलं नसतं.”

“मी विचारू दिलं असतं का?”

संसार याच माणसाशी केलाय मी.

जेवण झाल्यावर कागद मागितला. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हणाले, त्याने माझ्या हातचं मागितलंय. फार वेळ बसले. डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहीत होते. किती कागद वाया गेले ते सांगत नाही. त्यातल्या त्यात बरा सोबत ठेवते आहे. मला विचाराल तर कोंबडीचे पाय आहेत, कोंबड्यांच्या धंद्याला शोभतील असे. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाले, “त्याला लागेल.” तुम्हाला नाही लागलं तरी लागलं असं म्हणा.

यापुढचं त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं:

बर्फ बारीक कुटून घे. मोठे खडे ठेवलेस तर फुगा तडकतो. मीठ एकदम ओतू नकोस. रेघ खाली उतरली की लगेच बाहेर काढू नकोस, दम धर. तुला दम नसतो. तळहातावर आपटताना मनगट सैल. जोडलेली नळी उभी ठेव, आडवी नाही, पहिल्या दिवशी तर अजिबात नाही. घाई करू नकोस. जी जुळणार नाही ती जुळणार नाही, तिला मारत बसू नकोस.

आता भाऊजी, जायचं की नाही ते तुम्ही बघा. मला आणखी काही सांगता येत नाही. मी फार दमले आहे.

वहिनी


३० मार्च

भाऊजी,

माल पास झाला. कागद आज आला. तो मी यांना वाचून दाखवला, मग त्यांनी हातात घेतला, मग पुन्हा माझ्याकडे देऊन म्हणाले, “ती पासवाली ओळ परत वाच.”

तुम्ही काही कळवणार नाही हे गृहीतच होतं. पण तुमच्या गोदामवाल्याने लांबलचक लिहिलंय, देव त्याचं भलं करो. म्हणतो, तुमचा माणूस कामावर रजा टाकून आला. बर्फाच्या टोपल्या स्वतःच घेऊन आला. हातमोजे दिले तर म्हणाला, मोज्यातून रेघेचा अंदाज येत नाही. संध्याकाळपर्यंत तळहात निळा पडायचा. दुसऱ्या दिवसापासून गोदामवालाच त्याच्यासाठी चहा करायला लागला. त्याने विचारलं, इतका वेळ का लागतो, तर तुम्ही म्हणालात, “माझा भाऊ असता तर निम्म्या वेळात झालं असतं.”

हे वाक्य मी यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “निम्म्याहून कमी.” आणि तोंड फिरवून बसले. मला त्यांचे कान दिसत होते. लाल झाले होते.

आणखी एक लिहिलंय त्याने. की कामाच्या टेबलावर तुम्ही एक कागद चिकटवून ठेवला होता. त्याला वाटलं कारखान्याच्या सूचना असतील. पण त्याला त्यातलं एक अक्षर लागेना, म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, सूचनाच आहेत. हा भाग मी यांना वाचून दाखवला नाही. माझ्यापुरता ठेवला.

यांना काय झालंय कोणास ठाऊक, तेव्हापासून कारखान्यात जाऊन बसतात. काम करत नाहीत, इतरांच्या कामात नाक खुपसतात. कामगार वैतागले आहेत. मला बरं वाटतंय.

हातांना तेल लावा. मीठ-बर्फाने कातडी जाते.

वहिनी


२५ एप्रिल

भाऊजी,

तुमची पेटी पोचली.

आत काय असणार ते आधीच कळलं होतं, कारण गोदामवाल्याने लिहिलं होतं की न जुळलेल्या नळ्या तुम्ही मोडीत टाकू दिल्या नाहीत, घरी पाठवतो म्हणालात. पत्र नव्हतं. अपेक्षाही नव्हती. पेटी मात्र अशी बांधली होती की उघडायला कारखान्यातली करवत आणावी लागली.

हे समोर बसले होते. पेटी उघडली आणि आमचं दोघांचं लक्ष एकदमच बाणाकडे गेलं. बाण फुग्यांच्या बाजूला होता. म्हणजे बाबांच्या रीतीने. बाण जिथे, फुगा तिथे. जाड काळ्या रंगाने, पट्टी लावून, अगदी यांच्यासारखा काढलेला.

आता जगातल्या पोस्टाला आपल्या घरचा कायदा कुठून माहीत असणार? त्यांनी सगळ्या वाटेवर बाण वर करून, म्हणजे पेटी उलटी करून आणली. पोस्टमनने दारात ठेवली तीही उलटीच. आत आधीच न जुळलेल्या नळ्या, त्यांच्या रेघांचे आता आणखी तुकडे. एकीत तर नुसते ठिपके उरले होते.

यांनी एक नळी उचलून उजेडात धरली. ती हातात थरथरत होती. मला वाटलं, आता काहीतरी वाईट होणार. आणि हे हसायला लागले. भाऊजी, तुम्ही गेल्यापासून या घरात असं हसणं मी ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, “गाढव आहे! बाण वर काढायचा असतो एवढं कळत नाही याला? वर-खाली कधी कळलंच नाही!” आणि मग हसता हसता ते पाणी काही थांबेना. मी बर्फ आणायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ बर्फ कुटत राहिले.

तेव्हा पहिल्या पत्रात गाढव कोण हे मी लिहिलं नव्हतं, ते आता घरातल्या मोठ्या माणसाने ठरवलंय. मी आपली निमित्तमात्र.

दुपारभर दोघं त्या नळ्या घेऊन बसलो. ते नळी मिठाच्या बर्फात धरायचे आणि म्हणायचे, “बघ, मला आता वेगळं आपटावं लागत नाही, हात आपोआप हलतो.” विनोद त्यांचा, हसायचं मी. आपटायचं शेवटी मलाच लागलं. माझा तळहात तुमच्याइतका निळा पडला नाही, पण पडला. तीन जुळल्या. बाकीच्यांना त्यांनी मारू दिलं नाही. त्या खिडकीत उभ्या ठेवल्या आहेत, तशाच.

कारखान्याचं विचाराल तर आम्ही बंद करतो आहोत. पावसाळ्याआधी. ठरवून, शांतपणे, रडारड न करता. कामगारांना दुसरीकडे लावून दिलंय. यांनी सुईची डबी मला सांभाळायला दिली आहे. ती कोणाला द्यायची ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुम्ही येऊन विचारा.

जुळलेल्या तीन नळ्या तुमच्याकडे पाठवते आहे; त्यांतली एक गोदामवाल्याला द्या, त्याच्या चहासाठी. एक तुमची. तिसरी परत पाठवू नका, बरोबर घेऊन या.

पेटी मी बांधली. बाण काढायला ब्रश उचलला तर हे म्हणाले, दे इकडे. मी पट्टी धरली, त्यांनी काढला. अर्ध्यात पट्टी सरकली, दंडा मध्येच वळलाय आणि एका बाजूला रंग ओघळलाय. पुसून पुन्हा काढूया म्हटलं तर नको म्हणाले.

पेटी आली की आधी तो बाण बघा. वाकडा आहे, पण वर आहे.

वहिनी